शाळा, समाज आणि दिव्यांग बालक



देहाच्या एका अवयवास इजा झाली की वेदना साऱ्या देहाला होते. जिवंत समाजाचेही हेच लक्षण आहे. दिव्यांग बालकाच्या शिक्षणाचा प्रश्न या कसोटीवर तपासला पाहिजे.

कायद्याने आपले कार्य बऱ्याच अंशी केले आहे. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार मानले होते. २०१६च्या दिव्यांगजन हक्क अधिनियमाने ते २१ केले. लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षे वयाच्या बालकास नजीकच्या किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. योजनाही आहेत. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमानुसार वैद्यकीय पथकाने अंगणवाडीत वर्षातून २ वेळा आणि शासकीय शाळेत १ वेळा तपासणी करावयाची असते. समग्र शिक्षा योजनेत विशेष शिक्षकाची तरतूद आहे.

मग बालक मागे का राहते? कमी ऐकू येणाऱ्या मुलाचे उदाहरण घ्यावे. पथक जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी देते. ती दप्तरातच राहते, कारण तेथे जायचे तर वडिलांची रोजंदारी बुडते. श्रवणयंत्र मिळालेच तर बॅटरी संपल्यावर ते फळीवर पडून राहते. शिक्षक फळ्याकडे तोंड करून शिकवतात. वर्षअखेरीस ते मूल 'मठ्ठ' ठरते. येथे दुष्ट कोणीच नाही. प्रत्येकाने आपापले काम केले. परंतु दोन कामांमधील अंतर कोणीच ओलांडले नाही.

हे अंतर मिटविणे, हीच खरी समाजसेवा. मुख्याध्यापक, अंगणवाडी सेविका, आरोग्यसेविका आणि सरपंच यांनी महिन्यातून एकदा एकत्र बसावे. प्रत्येक बालकाविषयी चारच प्रश्न विचारावेत : तपासणी झाली काय? उपचार सुरू झाले काय? साधन चालू आहे काय? वर्गातील बैठक व शिकवण्याची पद्धत बदलली काय? महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा आहे. त्याचा हिशेब ग्रामसभेत मागितला जावा.

कार्यकर्त्यास यासाठी वैद्यकाचे ज्ञान नको. वडिलांसोबत एक दिवस रुग्णालयात जाणे, पुढची तारीख लक्षात ठेवणे आणि शाळेत परतून शिक्षकांस सांगणे, एवढे त्याने करावे. यात उपकाराची भावना नसावी. ते मूल आपल्याच घरचे आहे. ते पहिल्या बाकावर बसून शिकू लागेल, तेव्हाच समाज एकसंध आहे असे म्हणता येईल.