भोंग्याच्या पोटातला पडदा

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचे शब्दांकन)



आपण ज्याला कर्णा किंवा भोंगा म्हणतो, त्याला आपले बंगाली शेजारी चोंगा म्हणतात. नाव कोणतेही घ्या, या वस्तूबद्दल चार चांगले शब्द बोलणारा माणूस मला अजून भेटायचा आहे! मी रेल्वेच्या सिग्नल आणि दूरसंचार खात्यात आहे. डिप्लोमा करून लागलो, त्याला वीसेक वर्षे झाली. मी ध्वनिशास्त्राचा पंडित नव्हे. फलाटावरचे भोंगे दुरुस्त करता करता जे कळले, तेवढेच सांगणार आहे. निमित्तही घरचेच आहे. आपल्या मंडळाच्या माळ्यावरचे दोन जुने भोंगे भंगारात द्यायचे की दुरुस्त करायचे, हा प्रश्न यंदा कार्यकारिणीपुढे आला आणि काम माझ्या गळ्यात पडले.

बाहेरून दिसतो तो पत्र्याचा कर्णा. आवाज तयार होतो तो मागे आट्यांनी बसवलेल्या डब्यात. बाजारात त्याला युनिट म्हणतात. त्यात एक चुंबक, चुंबकाच्या गोल फटीत तारेची कॉइल आणि कॉइलला चिकटवलेला वाटीसारखा पातळ पडदा, म्हणजे डायफ्रॅम. पडद्याच्या अगदी जवळ, मिलिमीटरभरही अंतर न ठेवता, एक ठोकळा बसवलेला असतो. त्यातल्या अरुंद वाटांतून दाबलेली हवा कर्ण्याच्या गळ्यात जाते. ही रचना अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतील वेंट आणि थुरास यांनी बोलपटांसाठी १९२६ साली वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या ५५५ या युनिटात आणली. साधा कागदी स्पीकर शंभर वॅट विजेतून जेमतेम एक-दोन वॅट आवाज काढतो. चांगले युनिट चांगल्या कर्ण्यावर वीसपर्यंत सहज जाते. अॅम्प्लिफायर अगदी लहान असायचे त्या काळात हे वरदानच होते. आपल्याकडे काँग्रेसच्या सभांना ध्वनिक्षेपक पुरवणारे मुंबईचे नानिक मोटवाने आणि त्यांची शिकागो रेडिओ आठवत असेल. लाखांच्या सभा भोंग्यांवरच तर झाल्या.

आता मुद्द्याचे. भोंगा 'वाजतो' आणि भोंग्यातले 'कळते', या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बंगालीत सात म्हणजे 'शात' आणि आठ म्हणजे 'आट'. दोन्हींत 'आ' आहे. तो ठणठणीत स्वर हजार हर्ट्झच्या आसपासचा, थकलेला पडदासुद्धा तो ओरडून सांगतो. पण 'श' म्हणजे नुसता फुत्कार. त्याचा बराचसा भाग तीन हजार हर्ट्झच्या वर असतो आणि पडदा बिघडला की आधी तोच जातो. 'शात नंबर' सांगितले तरी ऐकणाऱ्याला 'आट नंबर' ऐकू येते, आणि हातात दोन पिशव्या व कडेवर पोर घेतलेली बाई पुलाकडे पळत सुटते. २३ ऑक्टोबर २०१८ ला आपल्या शेजारी सांत्रागाछीच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत दोघांचा जीव गेला, हे आपल्याला आठवत असेल. जवळजवळ एकाच वेळी आलेल्या गाड्यांसाठी तिथे धावपळ झाली होती. त्याचे खापर मी भोंग्यावर फोडत नाही. पण तेव्हापासून मला कोणी 'साहेब, वाजतोय ना, मग झालं' असे म्हणाले की मी तिथल्या तिथे थांबतो.

तर मंडळाची दोन युनिटे. दोन्हींवर कधी तरी कोणी चंदेरी रंग फासलेला. तो खरवडला तेव्हा दोन्हींच्या पट्टीवर १६ ओहम असे ठोकलेले दिसले, बनावटीचे नाव मात्र उरले नव्हते. मीटर लावल्यावर एक ११.९ ओहम दाखवी आणि दुसरे ६.२. मीटर दाखवतो तो तारेचा नुसता रोध, तो छापील आकड्यापेक्षा कमीच असतो. सोळाला अकरा ते तेरा, आठला सहाच्या आसपास. म्हणजे दुसऱ्यात पूर्वी कोणी तरी आठ ओहमचा पडदा बसवला होता. दोन्ही समांतर जोडली की आठवाल्याला दुप्पट पॉवर जाणार. म्हणूनच आरतीच्या वेळी मंडपाची एक बाजू कान फोडायची आणि दुसरी बाजू 'जरा मोठा करा' म्हणून हात हलवायची. पहिल्या युनिटात मूळचा पडदा होता, पण त्याची कड तडकली होती.

पडदा ओळखताना नावाच्या पट्टीवर विश्वास ठेवू नये, हा माझा पहिला नियम. डब्यावर एक नाव, आत दुसऱ्याचे पोट, असे जुन्या मालात सर्रास असते. ओळख मापावरून पटवायची. कॉइल लवचीक असते, तिच्यावर माप घेतले तर ती दबते. त्यापेक्षा फट मोजा, लोखंड दबत नाही. मधल्या खांबाचा व्यास आणि वरच्या चकतीच्या भोकाचा व्यास. इथे लोखंडी व्हर्नियर नेलात तर चुंबक तो हातातून ओढून घेईल, म्हणून प्लॅस्टिकचा वापरायचा. आपल्या युनिटांत खांब ३७.२ आणि भोक ३९.४ मिलिमीटर निघाले, म्हणजे फट १.१. एवढ्यात कॉइल बसून दोन्ही बाजूंना मोकळी हलली पाहिजे. मग स्क्रूंची संख्या, भोकांचे अंतर, तारा कुठून बाहेर येतात, वाटीचा फुगवटा कोणत्या दिशेला आहे, आणि पडदा कशाचा आहे ते पाहायचे. राळ मुरवलेल्या कापडाचा पडदा तपकिरी असतो, मार सोसतो. अॅल्युमिनियमचा बोलतो स्वच्छ, पण वाकून वाकून तडकतो. आणि हो, कित्येकदा पडदा चांगला असतो, नुसती बाहेर येणारी तार तुटलेली असते. तेवढीच जोडा, पैसे वाचवा.

ही मापे कागदावर घेऊन चांदणी मार्केटला गेलो. तिथले एक वयस्कर मिस्त्री माझा कागद पाहून खूश झाले. म्हणाले, "आगे मापुन, पोरे किनुन!" आपल्याला 'आगे' म्हटले की पुढे जावेसे वाटते, बंगालीत ते 'आधी' असते, हे इथे राहून कळले. त्यांच्याकडे मापात बसणारे दोन प्रकारचे पडदे निघाले. दिसायला जुळे. दोन्हींचा रोध बारा ओहमच्या आत-बाहेर. एक स्वस्त, एक महाग. कोणता घ्यायचा?

इथे आपले गलाईवाले मदतीला आले. विट्याकडच्या आपल्या मंडळींचे सोने-चांदी गाळण्याचे काम इथे चालते, हे सर्वांना ठाऊक आहेच. त्यांच्यापैकी एका सभासदाच्या काट्यावर मी तिन्ही पडदे ठेवले. जुना मूळचा ५.९ ग्रॅम, महागडा ६.०, स्वस्तातला ६.९. कडेच्या रिंगा एकाच मापाच्या, एकाच पदार्थाच्या. म्हणजे वाढलेला ग्रॅम जवळजवळ सगळा हलणाऱ्या भागात. मूळ कॉइल अॅल्युमिनियमच्या तारेची होती, स्वस्तातली तांब्याची. तांबे अॅल्युमिनियमच्या तिपटीहून जड. तो ग्रॅम सेकंदाला तीन हजार वेळा पुढेमागे नाचवायचा म्हटले की पडदा मागे पडतो, आणि 'श' जातो. सोन्याच्या काट्यावर भोंग्याची वस्तू पाहून दुकानातले गिऱ्हाईक चक्रावले, तो भाग वेगळा.

बसवण्याचे काम धीराचे. फटीत लोखंडाची पूड अडकलेली असते. फलाटावरच्या युनिटांत तर ब्रेकच्या ठोकळ्यांची पूड कर्ण्याच्या वाटेने उतरते, आणि कॉइल तिच्यावर खरखरत राहते. पुठ्ठ्याच्या पट्टीला चिकटपट्टी उलटी गुंडाळून फट गोल गोल पुसायची, पट्टी स्वच्छ निघेपर्यंत. जुने अल्निको चुंबक असेल तर ते जागेवरून सोडवायचे नाही, सुटले की त्याची ताकद उतरते. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे आणि मध्ये मध्ये बारीक आवाजात स्वर देऊन खरखर ऐकायची. कर्णा न लावता खालचे सूर द्यायचे नाहीत, हवेचा आधार नसला की पडदा ठोकळ्यावर आपटतो. सोळा ओहमच्या युनिटाला २५ मायक्रोफॅरॅडचा विनाध्रुवी कपॅसिटर ओळीत जोडला की चारशे हर्ट्झच्या खालचा ढोल बराच अडतो. ढोलकीसाठी भोंगा नाहीच मुळी.

शेवटी दिशा. दीड व्होल्टचा सेल दोन्ही युनिटांना सारखाच लावून पडदे एकाच बाजूला सरकतात का, ते झाकण लावण्याआधी पाहावे. लाल टोकाचा अर्थ सगळीकडे एकच नसतो. जेबीएलच्या जुन्या मालात लाल टोकाला धन दिले की पडदा आत जाई. दोन भोंगे उलटसुलट जोडले गेले तर मंडपाच्या बरोबर मध्ये बसलेल्यांना सर्वांत कमी कळते, आणि तिथे बहुधा पाहुणे असतात.

काम झाल्यावर आम्ही सभागृहात आकडे वाचून पाहिले, मराठीत आणि बंगालीत, क्रम न लावता. शेवटच्या रांगेत काकू कागद-पेन्सिल घेऊन बसल्या. जुन्या जोडीवर त्यांच्या कागदावर साताचे आठ झाले होते, नव्या पडद्यांवर झाले नाहीत. आणि अॅम्प्लिफायरची खुंटी पूर्वीपेक्षा खालीच होती. हे फार महत्त्वाचे. कळत नाही म्हणून आपण खुंटी फिरवतो. पण पॉवर दुप्पट केली तरी तीनच डेसिबल वाढतात, गेलेला 'श' परत येत नाही. शेजाऱ्यांना मात्र सगळे पोचते. २००० सालच्या नियमांत राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि भोंग्याच्या तोंडाशी उभे राहून ती पाळणारा मी पाहिलेला नाही. निदान कमी आवाजात कळेल एवढे तरी आपल्या हातात आहे.

दोन्ही युनिटांवर आता रोध, फटीचे माप आणि पडद्याचे वजन रंगाने लिहून ठेवले आहे. त्याच जातीचा एक जादा पडदा कार्यालयाच्या कपाटात, हिशेबाच्या वह्यांच्या मागे, टिनच्या डबीत आहे. जुना तडकलेलाही नमुना म्हणून त्याच डबीत ठेवला आहे, कृपया कोणी टाकू नये. उत्सव संपला की भोंगे माळ्यावर तोंड खाली करून, मलमल बांधून ठेवावेत. कोळी आत गेला तर पुढच्या वर्षी पुन्हा मलाच बोलवाल.