कोयत्याचं पाणी

आमच्या रेवदंड्याला नारळी-पोफळीच्या वाड्या. वाडी म्हटली की कोयता आला आणि कोयता म्हटला की लोहार. तो पातं भट्टीत लालबुंद करतो आणि एकदम पाण्यात घालतो. याला म्हणतात पाणी देणं. पातं सावकाश निवू दिलं तर आतले अणू निवांत आपापली जागा धरतात आणि पोलाद मऊ राहतं. पाणी दिलं की ती सवड मिळत नाही. अणू मध्येच अडकतात आणि पोलाद कडक होतं.

पुणे विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या पाटील, कानेटकर, ओगले, भिडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच पाणी लेसरच्या साहाय्याने दिलं. शुद्ध लोखंडाचा तुकडा आधीच पाण्यात बुडवलेला. त्यावर रुबी लेसरचा झोत, तोही सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरता. तेवढ्यात लोखंडाची वरची साय वितळते, तिची वाफ होते. हवेत ती उधळून गेली असती. पाणी तिला दाबून धरतं, आपला प्राणवायू देतं आणि लगेच गारही करतं. आमच्या खाऱ्या वाऱ्यात खिडकीच्या गजावर गंज चढायला एक पावसाळा पुरतो; इथे पापणी लवायच्या कितीतरी आधी लोखंडाचं ऑक्साइड तयार, आणि तेही एरवी टिकू नये अशा घडणीचं!

१९८७ साली हा निबंध ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये आला. द्रवात लेसर मारून पदार्थ घडवण्याच्या विद्येचा उगम सांगताना जगभरचे संशोधक आजही त्याचं नाव घेतात. आपल्या शाळांमधून ते कानावर पडत नाही, याची मला फार हळहळ वाटते.

पुण्यात लक्ष होतं ते लोखंडाच्या पृष्ठभागावर. द्रवात उडालेल्या कणांचा माग पुढे इतरांनी घेतला. १९९३ मध्ये बर्लिनला फोयटिक आणि हेंगलाइन यांनी लेसरने असे नॅनोकण मिळवले. हे कण नॅनोमीटरमध्ये मोजायचे; नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. आपला केस साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो. रासायनिक रीतीने हे कण करताना वापरलेली द्रव्यं त्यांना चिकटून राहतात. लेसरला धातू आणि पाणी पुरतं, म्हणून कण स्वच्छ निघतात. औषधांच्या संशोधनात या स्वच्छतेचं मोल मोठं. माल मात्र थोडाच हाती येतो.

सोन्याचा पत्रा शुद्ध पाण्यात ठेवून लेसर चालू केला की थोड्या वेळात त्याच्या नॅनोकणांनी पाणी रंगू लागतं, आणि रंग येतो तो कोकमाच्या सरबतासारखा लाल.