हिरवा दिवा आणि वाकलेली पट्टी
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

बार्शीच्या माणसाला खोळंबा म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. १८९७ साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं कुर्डुवाडीहून, म्हणजे तेव्हाच्या बार्सी रोड स्टेशनापासून, बार्शीपर्यंत अडीच फूट रुंदीची छोटी रेल्वे आणली. माझे आजोबा कुर्डुवाडीला हमाली करायचे. मोठ्या गाडीतली पोती छोट्या गाडीत चढेपर्यंत माल तिथंच पडून. दोन्हीकडचे रूळ मोकळे, गाड्या धडधाकट, अडायचं ते मधल्या सांध्यावर. पुढं पुण्यात महासंगणकाच्या जोडणीचं काम करताना मला हे आजोबांचं कुर्डुवाडी रोज आठवायचं.

महासंगणक म्हणजे एकच अवाढव्य यंत्र, असा पुष्कळांचा समज असतो. खरं तर ते शेकडो-हजारो संगणकांचं एकत्र कुटुंब असतं. पुण्याच्या सी-डॅकनं डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' उभा केला, तोही अनेक प्रोसेसर एकत्र जोडूनच. २००३ च्या 'परम पद्म'मध्ये तर जोडणीचं जाळंसुद्धा 'परमनेट-२' हे घरचंच होतं. या जाळ्याच्या मध्यावर बसतो तो स्विच. कुणाचा निरोप कुणाकडं, हे ठरवणारं जंक्शनच म्हणा ना.

पावसाचा अंदाज काढायचा तर नकाशाचे चौकोन पाडतात आणि प्रत्येक संगणकाला आपापला तुकडा देतात. दर पावलाला शेजाऱ्याला आपल्या कडेचा हिशेब कळवायचा, त्याचा घ्यायचा, मग पुढचं पाऊल. पंगतीत शेवटच्या पानावर भात पडल्याशिवाय कुणी हात घालत नाही, तसंच हे. एक मागं राहिला की सगळे थांबतात.

मी होतो त्या संस्थेचं नाव सांगत नाही. तिथं बहात्तर संगणकांचा एक संच माझ्याकडं होता. हवामानावर पीएच. डी. करणाऱ्या एक बाई त्यावर मोठं गणित चालवायच्या, एका वेळी चौसष्ट संगणक घेऊन. सहा तासांचं काम एकाएकी पंधरा तास घेऊ लागलं. त्या तक्रार घेऊन आल्या. मी स्विचकडं पाहिलं. सगळे दिवे हिरवे. बाकी कुणाची तक्रार नाही. मी म्हणालो, "तुमचा प्रोग्रामच तपासा." त्या बिचाऱ्या तीन आठवडे प्रोग्राम उसवत बसल्या. प्रबंधाची तारीख जवळ आलेली.

माझी चूक कुठं झाली, ते ऐका. हिरवा दिवा सांगतो, जोडणी आहे. ती किती रुंद आहे, ते सांगत नाही. त्या केबलीत चार पदर असतात. एक जरी बिघडला तरी जोडणी तुटत नाही, गुपचूप एका पदरावर येते आणि वेग चौथाईवर. दिवा हिरवाच! बाकीचे लोक चार-आठ संगणक वापरायचे, त्यांच्या वाट्याला तो रोगी क्वचित यायचा. बाईंना बहात्तरांतले चौसष्ट लागायचे, म्हणजे तो बहुतेक वेळा त्यांच्याच गळ्यात.

एका संध्याकाळी स्विचचे एरर काउंटर शून्यावर आणले आणि तासाभरानं पुन्हा वाचले. सगळीकडं शून्य, एका पोर्टवर हजारो. मी घाईनं ते कार्ड काढून परत बसवलं आणि केबलही बदलली. वेग आला! चार दिवसांनी पुन्हा तेच. दोन गोष्टी एकदम केल्यामुळं कशानं गुण आला होता, तेच कळेना.

मग शहाण्यासारखं एकेक करत गेलो. रात्री संच मोकळा असताना संगणकांच्या जोड्या लावून वेग मोजला. एकच संगणक सगळ्यांशी मंद. त्याची केबल शेजारच्याशी बदलली, दोष जागचा हलला नाही. त्याच संगणकाला स्विचच्या दुसऱ्या पोर्टात लावलं, तो पळायला लागला. जुन्या पोर्टात धडका संगणक लावला, तो मंद झाला. आता संगणक सुटला, केबल सुटली. कार्ड दुसऱ्या खाचेत बसवलं, तर त्या कार्डाचं तेच पोर्ट आजारी. म्हणजे खाचही सुटली.

कार्ड टेबलावर घेऊन भिंगातून पाहिलं. पोर्टाच्या तोंडातली केसाएवढी पट्टी वाकलेली. वर जाड तांब्याची केबल, आधाराशिवाय लोंबणारी. तिच्या वजनानं तोंड ओढलं जात होतं. केबल काढून लावली की पट्टी क्षणभर टेकायची, म्हणून तो चार दिवसांचा उतारा. नवं कार्ड बसवलं आणि सगळ्या केबली पट्ट्यांनी रॅकला बांधून घेतल्या. खरं तर हे पहिल्याच दिवशी करायचं काम. माझंच राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाईंना बोलावून म्हणालो, "प्रोग्राम तुमचा नव्हे, स्विच माझा वाकडा होता. माफ करा." त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग विचारलं, "सर, मी तीन आठवड्यांत बदललेलं सगळं आता परत पहिल्यासारखं करू का?"

आम्ही दोघांनी मिळून जुना प्रोग्राम लावला. पावणेसहा तासांत संपला.