घरांतील यंत्रांची देवडी

पूर्वीच्या वाड्यांत दिंडीदरवाजाच्या आंत देवडी असे. आलेल्या माणसाला प्रथम तेथें थांबावें लागे. तो कोण, कोणाकडे आला, हें पाहूनच त्याला आंत सोडीत. आजच्या घरांतील दिवे, पंखे, दारावरचे सेन्सर हीं सर्व परस्परांशीं बिनतारी बोलूं लागलीं आहेत, आणि त्यांनाहि पुष्कळदां अशी एक देवडी लागते. तिला 'गेटवे' म्हणतात. दुकानदार 'हब' किंवा 'ब्रिज' असेंहि म्हणतो. तळहाताएवढी ही पेटी घ्यावी कीं न घ्यावी, एवढाच आजचा प्रश्न आहे.

दाराच्या चौकटीला चिकटविलेला सेन्सर घ्या. नाण्याएवढ्या बॅटरीवर त्यानें वर्ष-दोन वर्षें काढावीं अशी आपली अपेक्षा असते. वायफायची भाषा त्याला परवडत नाहीं; ती बोलण्यांत फार शक्ति खर्च होते. म्हणून तो 'झिगबी'सारखी मितभाषी पद्धति वापरतो. तिचा वेग सेकंदाला फार तर २५० किलोबिट. पण "दार उघडलें" एवढें सांगावयास तो पुरून उरतो. ही भाषा आपल्या मोबाइलला सामान्यतः समजत नाहीं, आणि येथेंच गेटवे दुभाष्याचें काम करितो.

दुसरा लाभ पहाऱ्याचा. २०१६ सालीं 'मिराई' नांवाच्या उपद्रवी प्रोग्रामनें लक्षावधि कॅमेरे व राउटर कबजांत घेतले. तीं उपकरणें इंटरनेटच्या रस्त्यावर उघडीं उभीं होतीं, आणि कारखान्यांतून आलेला पासवर्ड कोणी बदललेला नव्हता. गेटवेमागचा झिगबीचा दिवा असा रस्त्यावर उभा नसतो. मात्र पहारेकरीच फितूर झाला तर सारा वाडा उघडा पडतो. म्हणून गेटवेचें सॉफ्टवेअर वेळोवेळीं सुधारून देणारा उत्पादक पाहणें अगत्याचें आहे.

देवडी एकच असल्यानें ती बंद पडली कीं आंतले सारे मुके होतात, हा उघड दोष आहे. वीज गेली तरी बॅटरीवरचा सेन्सर जागा असतो. पण त्याचें ऐकावयास गेटवे जागा नसतो. इन्व्हर्टरवर दिवे-पंखे आठवणीनें जोडणारे गृहस्थ ही पेटी आणि राउटर जोडावयास हटकून विसरतात!

ह्याहून गंभीर गोष्ट निराळीच आहे. पेटी आपल्या घरांत असली तरी तिची बुद्धि कोठें असते? अमेरिकेंत 'रिव्हॉल्व्ह' नांवाचा हब सुमारें ३०० डॉलरना विकला जात असे. २०१४ सालीं 'नेस्ट' कंपनीनें तो व्यवसाय विकत घेतला, आणि मे २०१६ मध्यें त्याचा दूरचा सर्व्हर बंद करण्यांत आला. लोकांच्या घरांतील हबांत कांहीं बिघाड नव्हता; तरी ते निकामी झाले. एप्रिल २०२२ मध्यें तेथीलच 'इन्स्टिऑन'चे सर्व्हर पूर्वसूचनेवांचून थंडावले. फोनवरून दिवे लागेनात. परंतु भिंतीवरच्या बटणांशीं थेट जोडलेले दिवे चालत राहिले, कारण तो संबंध घरांतल्या घरांत बांधलेला होता. पुढें जूनमध्यें कांहीं ग्राहकांनींच ती मालमत्ता विकत घेऊन सर्व्हर पुन्हां सुरू केले. अशी चिकाटी प्रत्येक वेळीं लाभेल असें धरून चालतां येत नाहीं.

म्हणून दुकानांत पेटीचा रंग-आकार पाहण्यापूर्वीं एवढें करून दाखवावयास सांगावें: इंटरनेटची बाहेरून येणारी तार काढावी, आणि मग ठरल्या वेळीं दिवा लागतो कीं नाहीं तें पाहावें. न लागला तर तो पहारेकरी परक्याचा नोकर समजावा. पगार मात्र आपण द्यावयाचा!

घरांत दोन-तीनच दिवे असतील तर ह्या भानगडींत न पडतां वायफायचे घेतलेले बरे. ऑक्टोबर २०२२ मध्यें 'मॅटर' नांवाची सामाईक बोली प्रसिद्ध झाली. तिच्या जोडीला 'थ्रेड' हें जाळें असतें. त्यांतील 'बॉर्डर राउटर' भाषांतर न करितां निरोप आंतबाहेर पोहोंचवितो, आणि असे दोन घरांत ठेवल्यास एक बंद पडला तरी दुसरा काम उचलतो. जुन्या झिगबी दिव्यांना ही बोली आपोआप येत नाहीं. ते घरांत आहेत तोंवर जुना दुभाषी राखून ठेवावा लागेल.