सॉफ्टनरचे पाणी पिवळे का येते?

(मंडळाच्या मासिक सभेत दिलेले भाषण)



हळदीकुंकू असो, भिशी असो, की जिन्यातली गाठ असो, अलीकडे आपल्याकडे एकच विषय निघतो. सॉफ्टनरमधून पिवळे पाणी येते. कुणाच्या पांढऱ्या साडीवर तांबूस ठिपके उमटले, कुणाची न्हाणीघराची फरशी घासून घासून हात दुखले. चिटणीसबाईंनी या विषयावर चार शब्द बोलावयास सांगितले, म्हणून उभी राहिले आहे.

हा विषय पैशाचा आहे. मध्यंतरी आपल्यापैकी एका भगिनीने भिशीची रक्कम आधी मागितली. मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी धरून ठेवलेला पैसा तो. यंत्र विकणाऱ्या माणसाने घरी येऊन बादलीत एकदा डोकावले आणि सांगितले, "बाई, यंत्र म्हातारे झाले, आता नवेच घ्या." आम्ही दोघी-तिघींनी तिला म्हटले, दोन दिवस थांब. दोन दिवसांत उलगडा झाला. गार पाण्याचा नळ स्वच्छ, रंग फक्त गरम पाण्याला. दोष गीझरच्या गंजलेल्या टाकीचा, आणि बोल मात्र सॉफ्टनरला! फीचा पैसा फीलाच गेला.

आता हे यंत्र करते काय, ते थोडक्यात सांगते. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. त्यातून झिरपलेल्या पाण्यात चुना आणि मॅग्नेशियम उतरते, म्हणून डाळ शिजत नाही, साबण फेसत नाही आणि गीझरमध्ये पांढरी पुटे चढतात. १९७२ च्या दुष्काळानंतर आपल्याकडे बोअर वाढले (सरकारी कागदात त्याला विंधन विहीर म्हणतात, पण तसे म्हणणारी बाई मला अजून भेटलेली नाही) आणि जड पाणी घरोघर आले. सॉफ्टनरच्या उभ्या नळकांड्यात खसखशीएवढे, मधाच्या रंगाचे गोल दाणे असतात. त्याला रेझिन म्हणतात. हे दाणे पाण्यातला चुना धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. दाणे चुन्याने भरले की मिठाचे पाणी देऊन त्यांना पुन्हा ताजे करावयाचे. बाकी यात काही जादू नाही.

पाणी रंगीत आले की पहिल्याने माणूस बोलवू नये, बाटल्या काढाव्यात. काचेच्या तीन स्वच्छ बाटल्या घ्या. सकाळी कुणी नळ सोडण्याच्या आत एकीत यंत्रात जाण्यापूर्वीचे पाणी भरा, दुसरीत यंत्रातून आलेले, तिसरीत गीझरचे. प्रत्येकीवर चिठ्ठी डकवा, मागे पांढरा कागद धरून बघा, आणि मग रात्रभर तशाच ठेवा. रात्रभर ठेवणे फार महत्त्वाचे. पुष्कळजणी लगेच ओतून देतात आणि खरी गोष्ट हातची जाते.

तिन्ही बाटल्या सारख्याच गढूळ दिसल्या तर यंत्राला हातही लावू नका. दोष गच्चीवरच्या टाकीत, टँकरच्या पाण्यात किंवा बोअरमध्ये आहे. टाकीतले पाणी तळाला गेले की खालचा गाळ नळात उतरतो, तो एक-दोन दिवसांत ओळखू येतो. पण पाणी भरताना काचेसारखे स्वच्छ आणि सकाळी तांबूस, तळाशी गंजाचा थर, असे झाले तर पाण्यात लोह विरघळलेले आहे. हवा लागली की त्याचा गंज होतो. ही खूण पंपाजवळच्या नळाचे पाणी घेतले तर अधिक स्पष्ट मिळते, कारण टाकीत चढलेल्या पाण्याला हवा आधीच लागलेली असते. लिटरला ०.३ मिलिग्रॅमच्या वर लोह गेले की कपडे आणि भांडी डागाळू लागतात. चहासुद्धा अशा पाण्याचा काळपट होतो. डागांविषयी एक सांगून ठेवते. गंजाचे डाग ब्लीचने काढावयास जाऊ नका, ते अधिक पक्के होतात. लिंबू आणि मीठ चोळून उन्हात ठेवलेले बरे.

यंत्रापूर्वीची बाटली स्वच्छ आणि नंतरची पिवळी, असे निघाले तर मात्र दोष यंत्राचाच. आमच्याकडे हेच निघाले. आमचे यंत्र १२ वर्षांचे. पाण्याला फिक्या चहाचा रंग, तो रात्रभर ठेवूनही खाली बसेना.

प्रथम मिठाची टाकी उघडली. तळाशी चार बोटे चिखल! खड्याच्या मिठाबरोबर माती येते आणि वर्षानुवर्षे साचते. मिठाचे पाणी त्या चिखलातूनच दाण्यांवर जाते. टाकी रिकामी करून नुसत्या पाण्याने ब्रशने घासली. साबण वापरू नये, तो आत राहतो. धुतलेले, स्वच्छ खडे मीठ घातले. मग उलटी धुलाई. वरचा दांडा त्या खुणेवर आणला की पाणी खालून वर जाते, दाणे उचलले जातात आणि त्यांत अडकलेली घाण मोरीत जाते. कंपनीचा माणूस पाच मिनिटे करतो आणि दांडा फिरवतो. मोरीत पडणारे पाणी निवळेपर्यंत करावी, मग वीस मिनिटे लागोत. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या भगिनींनी हे काम गच्चीवरची टाकी भरलेली असतानाच करावे, कारण जोर नसला तर दाणे उचललेच जात नाहीत, घाण जागच्या जागी राहते आणि मेहनत फुकट जाते. शेवटी मीठ देऊन, खारटपणा जाईपर्यंत धुऊन घ्यावे.

एवढे केल्यावर आमचा रंग फिका झाला, पण दोन दिवस गावी जाऊन आलो तर पुन्हा पहिल्या नळाला पिवळे. पाणी आत उभे राहिले की रंग उतरतो, ही दाणे झिजल्याची खूण. तरीही खात्री हवी, म्हणून साबणाची परीक्षा घेतली. अंगाच्या साबणाचा कीस पाण्यात विरघळवून त्याचे थेंब अर्ध्या बाटली पाण्यात घालून हलवावयाचे. मृदू पाण्याला फेस येऊन टिकतो, जड पाण्यात पांढरी साय धरते. कपड्याची पावडर यासाठी घेऊ नका, ती जड पाण्यातही फेसते आणि फसवते. ताजे मीठ देऊनही आमच्या पाण्याला फेस आला नाही. तेव्हा दाणे संपले हे नक्की झाले. रेझिन साधारण दहा वर्षे, चांगले पाणी असेल तर त्याहूनही अधिक चालते. आम्ही फक्त दाणे बदलून घेतले. नळकांडे, दांडा, मिठाची टाकी सर्व जुनेच आहे. नव्या यंत्राच्या मानाने खर्च पुष्कळ कमी आला. नवे दाणेही प्रथम थोडा पिवळा रंग सोडतात, तो धुऊन जातो. त्याने घाबरू नये.

नळाच्या जाळीत मधाच्या रंगाची बारीक कणी अडकलेली दिसली तर बोटांत घेऊन चोळून पाहावी. वाळू खरखरते, रेझिन गोल असल्यामुळे घरंगळते. दाणे बाहेर येत असतील तर आतली खालची जाळी फुटली आहे. तेथे मीठ, धुलाई काही उपयोगाचे नाही, जाळीच बदलावी लागते. सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर आत जंतू वाढले आहेत, ते काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावे.

ज्यांच्या पाण्यात लोह आहे त्यांच्या दाण्यांवर गंजाचे पूट चढते. त्यासाठी औषधी पूड मिळते, पण ती देताना घराकडची लाइन बंद हवी आणि नंतर भरपूर धुलाई हवी. लोह जास्त असेल तर सॉफ्टनरच्या आधी लोहाची वेगळी गाळणी बसवणे हाच खरा इलाज. मात्र कुणी सांगितले म्हणून संडास साफ करण्याचे ॲसिड त्यात ओतू नका, आणि ॲसिड व ब्लीच तर कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी वायू निघतो, आणि आपली न्हाणीघरे किती लहान आहेत ते तुम्हांला ठाऊकच आहे.

आता पिण्याविषयी. रंगीत पाणी उकळून पिणाऱ्या भगिनी आहेत. उकळल्याने जंतू मरतात, लोह आणि रंग जात नाहीत. दुसरे असे की चांगल्या चालणाऱ्या सॉफ्टनरचे पाणीसुद्धा सर्वांना चालत नाही. १०० मिलिग्रॅम जडपणा काढला की लिटरमागे सुमारे ४६ मिलिग्रॅम सोडियम पाण्यात येते. बोअरचा जडपणा ५०० असेल तर दोन लिटर पाण्यातून एक ग्रॅमहून अधिक मिठाइतके सोडियम पोटात जाते. आमच्या सासूबाईंना रक्तदाबासाठी डॉक्टरांनी मीठ तोडावयास सांगितले आहे. लोणचे, पापड बंद करावयाचे आणि तांब्यातून हे द्यावयाचे, याला काय म्हणावे? तेव्हा वृद्ध माणसे, मूत्रपिंडाचा विकार असलेली माणसे आणि बाळाचे दूध यांसाठी स्वयंपाकघरात सॉफ्टनरच्या आधीचा नळ ठेवून त्याचे पाणी पिण्यायोग्य शुद्ध करून वापरावे.

पाण्याची पक्की तपासणी हवी असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची जिल्ह्याची प्रयोगशाळा आहे. तेथे जडपणा आणि लोह दोन्ही लिहून मागावे. सबंध इमारतीचा बोअर एकच असल्याने एका नमुन्यात सर्वांचे काम होते, घरोघरी वेगळा खर्च नको.

बाटल्यांचे तीन संच आणि चिठ्ठ्या मंडळाच्या कपाटात ठेवल्या आहेत. नेताना वहीत नाव लिहावे आणि धुऊन परत आणाव्यात.