क्वार्टरबॅकची पारख

मुलाचे पाय पाळण्यांत दिसतात, अशी आपल्यांत एक म्हण आहे. ज्यांचीं मुलें पुढें नांवारूपास आलीं अशाच आईबापांनीं ती प्रचारांत आणली असावी, असा माझा संशय आहे. कारण ज्यांचे पाय पाळण्यांत दिसले आणि पुढें वाटेंत कोठें तरी लटपटले, त्यांची हकीकत सांगत बसण्याची हौस कोणालाच नसते. अमेरिकेंत मात्र दरवर्षीं एप्रिल महिन्यांत ह्या म्हणीची जाहीर परीक्षा घेतली जाते, आणि तिचा निकाल हातीं यावयास तीन-चार वर्षें लागतात. त्या परीक्षेविषयीं आज मी बोलणार आहें.

प्रथम खेळाची तोंडओळख करून दिली पाहिजे. अमेरिकेंत ज्याला फुटबॉल म्हणतात त्यांतला चेंडू लंबगोल असतो व तो बहुतेक हातानेंच चालविला जातो. एका बाजूस अकरा गडी. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें सरकावयाचें. सरकतां आलें तर आणखी चार प्रयत्न मिळतात, न आलें तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. ह्या प्रयत्नांत चेंडू प्रथम ज्याच्या हातीं येतो, आणि तो कोणाला द्यावा, किती दूर फेंकावा, कीं मुळींच फेंकूं नये, हें जो ठरवितो, त्या गड्याला क्वार्टरबॅक म्हणतात. हें ठरवावयास त्याला सुमारें तीन सेकंद मिळतात. तेवढ्या वेळांत अडीचशें-तीनशें रत्तल वजनाचे चार-पांच धिप्पाड गडी त्याला भुईवर लोळविण्यासाठीं धांवून येत असतात. आपला कोणता सोबती आतां मोकळा आहे एवढेंच पाहून त्याचें भागत नाहीं. चेंडू तेथें पोंचेपर्यंत कोण मोकळा होईल, हें त्याला ताडावें लागतें. क्रिकेटचा कप्तान षटक संपल्यावर विचार करूं शकतो; ह्या बिचाऱ्याला ती सवड नाहीं. म्हणून ज्या संघाला चांगला क्वार्टरबॅक लाभला त्याची दहा-पंधरा वर्षांची ददात मिटते. ज्याला लाभत नाहीं तो संघ बाकी सर्व असूनहि चांचपडत राहतो.

असे गडी संघांना मिळतात ते ‘ड्राफ्ट’ नांवाच्या पद्धतीनें. विद्यापीठांत खेळून तयार झालेल्या तरुणांची निवड व्यावसायिक संघांनीं पाळीपाळीनें करावयाची, आणि मागल्या हंगामांत जो संघ सर्वांच्या तळाशीं राहिला त्याला पहिली पाळी द्यावयाची, असा हा नियम आहे. फिलाडेल्फियाच्या संघाचे मालक बर्ट बेल ह्यांनीं १९३५ सालीं ही सूचना मांडली. त्यांचा स्वतःचा संघ त्या काळीं रडतखडत चालला होता, तेव्हां ती अगदींच निःस्वार्थ होती असें म्हणवत नाहीं. १९३६ सालीं पहिला ड्राफ्ट झाला व त्यांत शिकागो विद्यापीठाच्या जे बरवँगर ह्या नामांकित खेळाडूची निवड सर्वांत प्रथम झाली. हा गृहस्थ पुढें एकहि व्यावसायिक सामना खेळला नाहीं. पैशांचें जमलें नाहीं, म्हणून त्यानें दुसरा व्यवसाय पत्करला. तो क्वार्टरबॅक नव्हता, हें खरें. पण ह्या पद्धतीचा श्रीगणेशा असा झाला.

आतां राष्ट्रीय फुटबॉल लीगमध्यें ३२ संघ आहेत व निवडीच्या सात फेऱ्या होतात. निवड चुकण्याचें उदाहरण म्हणून त्या देशांत १९९८ सालाचें नांव अजून निघतें. त्या वर्षीं दोन तरुण क्वार्टरबॅक सर्वांच्या नजरेंत भरले होते. टेनेसी विद्यापीठाचा पेटन मॅनिंग आणि वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचा रायन लीफ. मॅनिंग हा खानदानी; त्याचे वडील आर्ची मॅनिंग हेहि नामांकित क्वार्टरबॅक होते. लीफचा बांधा भक्कम, हातांत जोर अधिक. दोघांत श्रेष्ठ कोण ह्यावर महिनेच्या महिने वाद झाले, आणि वाद करणारे कांहीं नवखे नव्हते. ज्यांचा जन्म ह्या धंद्यांत गेला असे परीक्षक दोन्ही बाजूंस होते. पहिली पाळी असलेल्या इंडियानापोलिसच्या संघानें मॅनिंगला घेतलें. सॅन डिएगोच्या संघाची पाळी तिसरी होती. केवळ एक पायरी वर चढून लीफ हातीं लागावा म्हणून त्यानें त्या वर्षाची तिसरी पाळी, पुढल्या वर्षाची पहिल्या फेरींतील पाळी, दुसऱ्या फेरींतील आणखी एक आणि शिवाय दोन खेळाडू, एवढें सारें मोजलें.

लीफनें पहिले दोन सामने जिंकले. तिसरा कॅन्सस सिटी येथें झाला. त्यांत त्यानें १५ वेळां चेंडू फेंकला व त्यांतला एकच आपल्या माणसाच्या हातीं पोंचला. मिळकत ४ यार्ड. तेथून तो सांवरला नाहीं. दुखापती झाल्या, वर्तमानपत्रवाल्यांशीं खटके उडाले, सोबत्यांचा विश्वास उडाला आणि चार हंगामांच्या आंत त्याचें खेळणें आटोपलें. मॅनिंग पुढें अठरा हंगाम टिकला, पांच वेळां वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि दोन निरनिराळ्या संघांकडून त्यानें सुपर बोल हा अंतिम सामना जिंकला. ही गोष्ट इतक्या वेळां सांगितली गेली आहे कीं ती आतां जणूं अटळ वाटते. परंतु मॅनिंगच्या पहिल्या वर्षाकडे पाहावें. १६ पैकीं १३ सामने त्याचा संघ हरला व त्यानें २८ वेळां चेंडू प्रतिपक्षाच्या हातांत नेऊन दिला. पहिल्या वर्षाच्या खेळाडूनें इतक्या चुका करण्याचा तो उच्चांकच होय. त्या डिसेंबरांत नुसते आंकडे हातीं घेऊन जो बसला असता, त्याला दोघांचाहि निकाल सारखाच लिहावा लागला असता. फरक एवढाच कीं एका संघानें त्या २८ चुका पोटांत घातल्या, आणि मॅनिंगपाशीं त्यांतून शिकण्याची चिकाटी होती. ह्यांतलें कोणतें किती कामीं आलें हें वेगळें काढून दाखविणें मला तरी साधत नाहीं.

परीक्षक मेहनत घेत नाहींत असें मात्र कोणी समजूं नये. हेर गांवोगांव फिरून शेंकडों सामने पाहतात. १९८७ पासून इंडियानापोलिस येथें दर फेब्रुवारींत ह्या तरुणांची मोठी तपासणी भरते. उंची, वजन, पंजाची रुंदी, उडी, ४० यार्डांची धांव, सारें मोजलें जातें. मुलाखती होतात. अनेक वर्षें तर १२ मिनिटांत ५० प्रश्नांचीं उत्तरें देण्याची बुद्धीची परीक्षाहि घेतली जात असे. ती २०२२ सालीं बंद झाली. उपवर मुलीला चालून दाखवावयास लावणाऱ्या जुन्या वरपक्षाची आठवण व्हावी असा हा थाट असतो. आणि मापें कांहीं खोटीं नसतात. मिशिगन विद्यापीठाचा टॉम ब्रेडी २००० सालीं ४० यार्ड धांवला तेव्हां त्याला ५.२८ सेकंद लागले. तो मंद होता आणि पुढें तेवीस हंगाम मंदच राहिला. त्याच्या आधीं सहा क्वार्टरबॅक निवडले गेले. त्याची पाळी सहाव्या फेरींत, १९९ वी आली. ज्या न्यू इंग्लंडच्या संघानें त्याला घेतलें त्या संघानेंहि पांच फेऱ्या त्याला डावलून दुसरे खेळाडू पसंत केले होते. तेथें तो वर्षभर बाकावर बसून राहिला. २००१ च्या सप्टेंबरांत संघाचा मुख्य क्वार्टरबॅक ड्रू ब्लेडसो, जो १९९३ सालीं सर्वांत प्रथम निवडला गेला होता, जबर जखमी झाला, आणि ब्रेडीला संधि मिळाली. त्यानें सात सुपर बोल जिंकले. ब्लेडसोला ती जखम न होती तर ब्रेडी कोण हें आपल्याला कळलें असतें काय?

अडचण अशी आहे कीं जें मोजावयाचें तें मैदानाबाहेर मोजतां येत नाहीं, आणि विद्यापीठाचें मैदान हेंहि पुरतें तें मैदान नव्हे. तेथें प्रतिपक्षाचे सगळेच गडी सारख्या तोलाचे नसतात; सोबती चार हात मोकळा दिसतो व मग चेंडू फेंकला तरी चालतें. व्यावसायिक खेळांत सोबती मोकळा दिसेपर्यंत थांबलें तर वेळ टळलेली असते. शिवाय बचाव करणारे आपला बेत लपवितात. एक मांडणी दाखवून चेंडू हलतांच दुसरी करतात. हा डाव ओळखण्याची दृष्टि कोणाला येईल व कोणाला येणार नाहीं, हें बावीसाव्या वर्षीं त्या मुलालाहि ठाऊक नसतें.

तरीहि संघ आपल्या अंदाजावर भारी किंमत लावतात. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर (थेलर ह्यांना २०१७ चें अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें) ह्यांनीं ड्राफ्टचा अभ्यास करून असें दाखविलें कीं एकाच जागेवर खेळणारे दोन खेळाडू लागोपाठ निवडले गेले असतां आधींचा नंतरच्यापेक्षां सरस ठरण्याचें प्रमाण शेंकडा ५२ च्या आसपास पडतें. ही जवळजवळ नाणेफेकच. परंतु नाणेफेकीसाठीं चार वर्षांची बेगमी कोणी गहाण टाकीत नाहीं, येथें टाकतात. २०२१ सालीं सॅन फ्रान्सिस्कोच्या संघानें तिसरी पाळी मिळविण्यासाठीं मायामीला त्या वर्षाची आपली पहिल्या फेरींतील पाळी, पुढल्या दोन वर्षांच्या पहिल्या फेऱ्यांतील पाळ्या आणि वर एक तिसऱ्या फेरींतील पाळी देऊन टाकली, आणि ट्रे लान्स ह्याला घेतलें. विद्यापीठांतल्या त्याच्या मुख्य हंगामांत त्यानें एकदांहि चेंडू प्रतिपक्षाला दिला नव्हता. पण त्यानंतर महामारीमुळें तो एकच सामना खेळला होता. सॅन फ्रान्सिस्कोकडून चार सामन्यांतच त्यानें आरंभापासून खेळ केला, घोटा मोडून घेतला, आणि २०२३ च्या ऑगस्टांत चौथ्या फेरींतील एका पाळीच्या मोबदल्यांत त्याला डल्लासला देण्यांत आलें. मधल्या काळांत ह्याच संघानें २०२२ च्या ड्राफ्टांत अगदीं शेवटची, २६२ वी पाळी ब्रॉक पर्डी ह्या क्वार्टरबॅकवर खर्च केली होती. शेवटच्या मनुष्याला तिकडे थट्टेनें ‘निरुपयोगी महाशय’ अशा अर्थाची पदवी देण्याचा प्रघात आहे. लान्स व त्याच्यामागचा गारोपोलो असे दोघेहि जायबंदी झाले तेव्हां नाइलाजानें पर्डीला उतरविलें. २०२४ च्या फेब्रुवारींत हाच गडी संघाला सुपर बोलपर्यंत घेऊन गेला. तो सामना संघ हरला, पण त्याचा दोष कोणी त्याला दिल्याचें ऐकिवांत नाहीं. एकाच घरांत सर्वांत महाग खरेदी फसावी आणि चिंधीच्या भावांत घेतलेली वस्तु उपयोगी पडावी, असा हा प्रकार झाला.

ह्यावरून ‘सारें दैवाधीन’ असें म्हणून हात झटकण्याचा मोह होतो. तो मला मान्य नाहीं. पारख ही निवडीच्या रात्रीं संपत नाहीं, निम्मी तेथून पुढें सुरू होते. ह्या पद्धतींतली खोंच अशी कीं जो संघ सर्वांत वाईट त्यालाच पहिला हक्क मिळतो. म्हणजे सर्वांत होतकरू मुलगा बहुधा अशा घरीं जातो जेथें त्याच्या रक्षणास धड भिंत नाहीं, चेंडू झेलणारे सोबती नाहींत, आणि दरसाल गुरु बदलतो. अलेक्स स्मिथ हा २००५ सालीं पहिला निवडला गेला. सॅन फ्रान्सिस्कोंत त्याला जवळजवळ दरवर्षीं आक्रमणाचा नवा शिक्षक व नवी परिभाषा शिकावी लागली, आणि बरींच वर्षें तो वायां गेलेला म्हणून ओळखला गेला. पुढें कॅन्सस सिटींत अँडी रीड ह्यांच्या हाताखालीं तोच मनुष्य भरंवशाचा ठरला. इतकेंच नव्हे, तर २०१७ सालीं दहावा निवडलेला पॅट्रिक माहोम्स त्याच्यामागें एक वर्ष बसून शिकला. त्या वर्षीं माहोम्सच्या आधीं मिचेल ट्रुबिस्की ह्याला शिकागोनें दुसऱ्या क्रमांकावर घेतलें होतें. माहोम्स शिकागोला गेला असता तर माहोम्स झाला असता काय, ह्या प्रश्नावर तिकडे घरोघरीं वाद झडतात.

सर्वांत बोलका दाखला २०१८ चा आहे. बफेलोनें सातवा निवडलेला जॉश अॅलन पहिल्या वर्षीं शंभरांतले ५३ चेंडूहि धड पोंचवूं शकला नाहीं. बफेलोनें त्याच्याभोंवतीं माणसें उभीं केलीं, शिक्षक बदलला नाहीं, झेलणारा एक उत्तम गडी आणून दिला. तिसऱ्या वर्षीं तें प्रमाण शेंकडा ६९ वर गेलें, आणि २०२४ च्या हंगामाचा तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच्यानंतर तिसराच, म्हणजे दहावा, जॉश रोझेन होता. फेंकण्याची त्याची ढब अॅलनपेक्षां घोटीव आहे असें अनेक जाणते म्हणत. ॲरिझोनानें त्याला घेतलें. हंगामाच्या मध्यावरच आक्रमणाचा शिक्षक काढला गेला, हंगाम संपतांच मुख्य शिक्षकहि गेला. संघ तळाशीं राहिला, म्हणून २०१९ ची पहिली पाळी त्याच्याच वांट्यास आली, आणि तिच्यावर नव्या शिक्षकानें दुसरा क्वार्टरबॅक निवडला. रोझेन तेव्हां बावीस वर्षांचा होता. दुसऱ्या दिवशीं त्याला मायामीस धाडण्यांत आलें. त्यानंतर तो एका संघाकडून दुसऱ्या संघाकडे फिरत राहिला, बहुतेक वेळ बाकावर बसून.