दाणे कमी, कबुतरं कमी

मुंबईत कबुतरांचा प्रश्न थेट न्यायालयात पोचला. जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारने तिथले ५१ कबुतरखाने बंद करायला सांगितलं. पाठोपाठ उच्च न्यायालयाने दाणे टाकणाऱ्यांवर गुन्हे नोंदवण्याचा आदेश दिला. कारण आरोग्याचं. वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ सतत श्वासात गेली, तर काहींच्या फुप्फुसांना कायमची इजा होते.

कबुतरं मारून प्रश्न सुटत नाही. खाणं मुबलक असलं की उरलेली जोडपी वर्षातून अनेकदा, दरवेळी दोन अंडी घालतात. स्वित्झर्लंडच्या बाझल शहराने १९८८ पासून नागरिकांना दाणे न टाकण्याचं पटवलं. चार-पाच वर्षांत संख्या जवळपास निम्मी झाली.

रेणापूरकरांनो, आपणही तेच करू शकतो. सोयाबीन, तूर, हरभऱ्याच्या राशीनंतर सांडलेलं धान्य लगेच गोळा करा. पाण्याच्या टाकीला घट्ट झाकण लावा, घरटी होणाऱ्या कोपऱ्यांना जाळी बसवा. विष्ठा कोरडी झाडू नका. आधी पाणी शिंपडा, तोंडाला मास्क लावा. दम्याच्या रुग्णांनी हे काम करू नये. पाखरांवर माया जरूर करा, पण शेजाऱ्याच्या श्वासाचीही काळजी घ्या.